मुलांची आवड आहे, ‘पॅरा’ होता येईल का?

तुम्ही लिहिता : भारतातलं बी.कॉम., अमेरिकेत चार वर्षं, एच-फोरवर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) वर्क परमिट हातात, मुलगा दुसरीत. त्याच्याच शाळेत विशेष शिक्षणाच्या वर्गासाठी पॅराएज्युकेटरची, म्हणजे शिक्षिकेच्या हाताखालच्या मदतनीसाची (थोडक्यात ‘पॅरा’) जागा निघालीय. मुलांची आवड आहे, तेवढ्यावर जमेल का?

आवडीवर नाही, पण पदवीवर अर्ज नक्की करता येईल. टायटल वन निधीच्या (गरीब मुलं जास्त असलेल्या शाळांना मिळणारी केंद्र सरकारची मदत) कार्यक्रमांत शिकवायला मदत करणाऱ्या पॅराला हायस्कूलनंतर दोन वर्षांचं कॉलेज, असोसिएट पदवी किंवा परीक्षा, यांपैकी एक लागतं. इतर जागांनाही बरेच स्कूल डिस्ट्रिक्ट (स्थानिक शाळा चालवणारी यंत्रणा) हीच अट लावतात. तुमच्या मार्कशीटचं मूल्यांकन मान्यताप्राप्त संस्थेकडून करून घ्या. विद्यापीठाकडून कागद यायलाच वेळ जातो, म्हणून ते आजच सुरू करा. कागद अडले तर पॅरांसाठीची पॅराप्रो परीक्षा आहे : ९० प्रश्न, अडीच तास, वाचन-लेखन-गणित. उत्तीर्ण होण्याचे गुण राज्यागणिक वेगळे. बोटांचे ठसे आणि पार्श्वभूमी तपासणी सगळ्यांनाच असते.

आता खरं काम. समजा, वर्गातल्या एका मुलाला जॅकेटची चेन लावायला शिकवायचीय. खालचं टोक अडकवणं, चेन छातीपर्यंत आणणं तुम्ही करायचं. शेवटचा वर ओढण्याचा भाग त्याचा. तो जमला की त्याच्या आधीची पायरीही त्याच्याकडे सोपवा. दर वेळी काम त्याच्या हातून संपतं, हे यातलं मर्म. सूचना एकदाच द्या, मनात पाच अंक मोजा, मग बोटाने खूण करा, तरीही नाही तर हात धरा. नवे पॅरा इथेच चुकतात : ‘ओढ, ओढ, अरे ओढ ना’ सुरू होतं आणि मूल चेनकडे नाही, तुमच्या आवाजाकडे लक्ष ठेवायला शिकतं. विशेष शिक्षणाचे अमेरिकन संशोधक मायकेल जिआंग्रेको आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्येच दाखवलं होतं की सतत चिकटून बसणाऱ्या मदतनीसामुळे मूल परावलंबी होतं आणि वर्गातल्या मुलांपासून तुटतं. (आपल्याकडच्या आयांना हे सगळ्यात जड जातं, हेही सांगून ठेवते.)

नोंदीही शिका. ‘आज खूप चिडला’ ही नोंद नव्हे. ‘१०:२०, गणिताचा कागद पुढे ठेवला, त्याने ढकलला, दोन मिनिटं टेबलाखाली, कागद उचलल्यावर बाहेर आला’ ही नोंद. यावरून शिक्षिकेला कळतं की टेबलाखाली गेलं की गणित टळतं.

तुमच्या बाबतीत एक मोठी अडचण आहे. त्याच शाळेत इतर पालक तुम्हाला ओळखतात. फाटकाशी कुणी ‘माझा कसा होता आज?’ विचारलं तरी उत्तर शिक्षिकेकडूनच जायला हवं. मुलाची माहिती गोपनीय असते. जमल्यास शेजारची शाळा बघा.

पगार तासावर असतो, उन्हाळ्यात बहुधा बंद. आठवड्याचे तास किती आणि विमा लागू होतो का, हे सही करण्याआधी विचारा. डायपर बदलणं, मुलाला उचलणं, मूल चावलं-ओरबाडलं तर सांभाळणं हेही कामात येऊ शकतं. त्याचं प्रशिक्षण पहिल्या दिवसाआधी मिळणार की नंतर, हे मुलाखतीतच विचारून घ्या. ‘बघू नंतर’ असं उत्तर आलं तर आधी बदली पॅरा म्हणून महिनाभर दोन-तीन शाळांत जाऊन पाहा.