व्हीआर हेडसेट घालून गेममध्ये तासभर गाडी चालवता येते का?

प्रश्न: दादा, मी लातूरचा, घरी स्टिअरिंग व्हील लावून असेटो कोर्सा ही गाड्यांच्या शर्यतीची गेम खेळतो. क्वेस्ट ३ हा डोळ्यांवर चढवायचा, आत स्क्रीन असलेला व्हीआर हेडसेट घ्यावा म्हणतोय पण चष्मा आहे, अन् मित्र म्हणतो १० मिनिटात गरगरतं. घेऊ का मोठा मॉनिटरच घेऊ?

उत्तर: घे, पण आधी कोणाचा तरी डोक्यावर चढवून बघ. वळणावर मान फिरवून पुढचा रस्ता दिसतो ना, ते मॉनिटरवर मिळतच नाही. वजन ५१५ ग्रॅम, ते कपाळावर अन् गालावर येतं, सोबतचा कापडी पट्टा मला तरी पुरला नाही, मागं आधार असलेला वेगळा घ्यावा लागला. चष्म्यापेक्षा हेडसेटमध्येच नंबरच्या लेन्स बसवल्या तर लई बरं.

गरगरतं कारण डोळ्याला गाडी पळताना दिसते अन् कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला काहीच हलल्याचं कळत नाही, म्हणून सुरुवातीला १५ मिनिटंच, मळमळलं की लगेच काढायचा, रेटायचं नाही. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४० च्या वर, घामानं भिंगं धुरकटतात, टेबल फॅन तोंडावर लाव, त्यानं गरगरणंही कमी होतं. बॅटरी २ तासाच्या आसपास.

अन् खिडकीत उन्हात ठेवू नको, भिंगातून ऊन आत गेलं की स्क्रीन जळते.