हाताचं कार्टून: सुरुवातीला एवढंच सांभाळ

भावा, चित्रकाराचा हात कागदात शिरतो आणि पात्राशी भांडतो, असलं कार्टून करायचं मनात आणलंस, लई भारी वाटलं. पण ५ मिनिटांची गोष्ट आत्ता नको. १० सेकंदांची कर. सेकंदाला १२ चित्रं धरली तरी १२० होतात.

आधी इटलीचे कार्टूनकार ओस्वाल्दो काव्हान्दोली यांचं 'ला लिनेआ' हे कार्टून बघ. एका रेघेचा माणूस. पुढची रेघ संपली की वर बघून हातावर खेकसतो. गंमत सगळी त्या बघण्यात आहे. नवीन पोरं इथंच चुकतात: हात येतो, काम करतो, जातो आणि पात्राला पत्ताच नसतो. हात टेकण्याआधी पात्राची नजर वर जाऊ दे, अर्धा सेकंद थांबव, मग टेकव.

आणखी तीन गोष्टी:
- हात दरवेळी नव्यानं काढू नकोस. पेन्सिल धरलेला एक हात जाड कागदावर काढ, काप आणि सरकव. नखं, सुरकुत्या नकोत.
- हाताला एकच स्वभाव दे. खोडकर की मदत करणारा, ते आधी ठरव.
- एकेका चित्राचा फोटो काढताना मोबाईल घट्ट बांध, खिडकी बंद कर, दिवा लाव. मी रंकाळ्याकडच्या खोलीत खिडकीच्या उजेडात शूट केलं होतं. ढग आला की चित्र काळवंडायचं, ४० फोटो परत काढले.

आवाज, रंग नंतर बघू. पहिले १० सेकंद झाले की दाखव, मी वाट बघतोय.