अकरा माणसांचा हिशेब: ओहायो स्टेट विरुद्ध नोटर डेम

हे उत्तर सामन्याआधी, जानेवारी 2025 मध्ये लिहिलेलं आहे. तुमचा प्रश्न थोडक्यात असा. भाचा कोलंबसला, ओहायो स्टेटच्या गावी, शिकतो आणि मंगळवारी, 21 जानेवारी 2025 ला, सकाळी सहा वाजता तुम्ही पुण्यातून त्याच्याबरोबर अमेरिकन कॉलेज फुटबॉलची फायनल बघणार आहात. जिंकलेले आणि हरलेले सामने मांडले तर नोटर डेम 14-1, ओहायो स्टेट 13-2. एक हार कमी असूनही सगळे ओहायो स्टेटलाच का उचलून धरतात, आणि क्रिकेट बघणाऱ्या माणसाने यात नेमकं काय बघावं?

मी अठरा वर्षं कोलंबसमध्ये राहतो आणि लाल जर्सी घालूनच सामना बघणार आहे. हे आधी सांगितलेलं बरं, म्हणजे माझ्या मताला किती वजन द्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. आकड्यांत मात्र मी पक्षपात करणार नाही.

आधी हारी बघू. नोटर डेम 7 सप्टेंबरला घरच्या मैदानावर नॉर्दर्न इलिनॉयकडून 16-14 हरला. या मोसमातला तो सर्वांत मोठा धक्का होता. पण त्यानंतर सलग तेरा सामने त्यांनी जिंकले. ओहायो स्टेट ऑक्टोबरमध्ये ऑरेगनकडून 32-31 असा एका गुणाने हरला आणि 30 नोव्हेंबरला घरच्या मैदानावर मिशिगनकडून 13-10. त्या मिशिगन सामन्याला मी स्टेडियममध्ये होतो. बोटं बधिर होतील अशी थंडी होती, आणि आमचा संघ मिशिगनच्या सर्वांत भक्कम जागी, म्हणजे बरोबर मधल्या फळीवर, परत परत धडका देत राहिला. 26 वेळा चेंडू घेऊन धावले आणि मिळाले 77 यार्ड, म्हणजे सरासरी तीनसुद्धा नाही. बाहेरच्या बाजूला जेरेमाया स्मिथ उभा होता, देशातल्या सर्वोत्तम रिसीव्हरांपैकी (पास झेलणाऱ्यांपैकी) एक, आणि चेंडू त्याच्याकडे फारसा जात नव्हता. माझ्या शेजारी बसलेल्या आजोबांनी चौथ्या क्वार्टरमध्ये टोपी काढून मांडीवर ठेवली ती परत घातलीच नाही.

ओहायो स्टेटला पसंती मिळते ती त्यानंतरच्या तीन सामन्यांमुळे. यंदा प्लेऑफमध्ये पहिल्यांदाच बारा संघ आहेत, त्यामुळे दोन हारी झालेल्या संघालाही संधी मिळाली. टेनेसीला 42-17 हरवलं. मग रोझ बोलमध्ये त्याच ऑरेगनला 41-21. त्यात एका क्षणी धावफलक 34-0 होता, ऑरेगनच्या क्वार्टरबॅकला (पास टाकणाऱ्या मुख्य खेळाडूला) आठ वेळा चेंडूसकट लोळवलं आणि स्मिथने 187 यार्ड काढले. उपांत्य फेरीत टेक्ससला 28-14.

हा शेवटचा स्कोअर मात्र जपून वाचा. सामना संपायला चारेक मिनिटं असताना ओहायो स्टेट 21-14 पुढे होता आणि टेक्सस गोलरेषेपासून एका यार्डावर होता. रेषा ओलांडायला चार प्रयत्न हातात. दुसऱ्या प्रयत्नात त्यांनी चेंडू बाजूला फेकून धावायचं ठरवलं आणि सात यार्ड मागे आले. चौथ्या प्रयत्नात जॅक सॉयरने क्वार्टरबॅकच्या हातातून चेंडू उडवला, तोच उचलला आणि 83 यार्ड पळत जाऊन समोरची गोलरेषा ओलांडली, म्हणजे टचडाउन केला. हातातोंडाशी आलेला घास असा गेला. म्हणजे 14 गुणांचा हा विजय बराच वेळ बरोबरीच्या उंबरठ्यावर होता. अंतिम स्कोअरपेक्षा तो कसा झाला हे बघायची सवय लावा, निम्मं काम तिथेच होतं.

आता मूळ मुद्दा. या खेळात दोन्ही बाजूंना अकराच माणसं असतात, आणि फायनलचं सगळं गणित त्या अकरा जणांच्या वाटणीत आहे. क्रिकेटमध्ये तिसरी स्लिप लावली की कव्हर मोकळं पडतं, अगदी तसंच.

नोटर डेमचे बचाव-प्रशिक्षक अल गोल्डन यांचा संघ मॅन कव्हरेज भरपूर खेळतो. प्रत्येक रिसीव्हरच्या मागे एक माणूस सावलीसारखा, आणि खोल मैदानात राखणीला बहुतेक वेळा एकच सेफ्टी, म्हणजे सर्वांत मागचा राखणदार. त्यामुळे पुढच्या फळीजवळ माणसं जास्त उरतात, धावणारा लवकर अडतो आणि क्वार्टरबॅकवर दडपण येतं. खोल राखणीला झेवियर वॉट्स आहे. 2023 मध्ये त्याने प्रतिस्पर्ध्यांचे सात पास पकडून सर्वोत्तम बचावपटूचा नागुर्स्की पुरस्कार मिळवला होता. या पद्धतीवर त्यांनी जॉर्जियाला दहा गुणांत रोखलं.

पण स्मिथसमोर एकटा माणूस ठेवणं ही जोखीम आहे. त्यातून नोटर डेमचा सर्वांत अनुभवी कॉर्नरबॅक (रिसीव्हरला रोखणारा बचावपटू) बेंजामिन मॉरिसन दुखापतीमुळे ऑक्टोबरपासून बाहेर आहे. टेक्ससने काय केलं? स्मिथवर जास्तीचा पहारा ठेवला. त्याला अख्ख्या सामन्यात एकच पास, तीन यार्ड. स्मिथपुरता उपाय शंभर टक्के यशस्वी. पण पहिला हाफ संपायला अर्धं मिनिट असताना ट्रेव्हियॉन हेंडरसनला एक साधा छोटा स्क्रीन पास मिळाला. टेक्ससचे पुढचे खेळाडू क्वार्टरबॅककडे धावून गेले होते, मागे मोकळं रान होतं, आणि हेंडरसन थेट 75 यार्ड निघून गेला. एका ठिकाणी माणूस वाढवला की दुसऱ्या ठिकाणी कमी पडतो. ओहायो स्टेटकडे हेंडरसन, क्विनशॉन जडकिन्स आणि एमेका एग्बुका असे तिघे आहेत जे ती कमी लगेच वसूल करतात. त्यांना पसंती मिळण्याचं खरं कारण हे.

मग त्यांची दुखरी नस कोणती? पुढची फळी, म्हणजे समोरच्यांना अडवून क्वार्टरबॅकला वाचवणारे पाच जण. डावा टॅकल जॉश सिमन्स ऑक्टोबरमध्येच जायबंदी झाला, सेंटर सेथ मॅक्लॉक्लिन नोव्हेंबरमध्ये. डोनोव्हन जॅक्सन मुळात गार्ड, तो आता टॅकलच्या जागी उभा राहतो आणि उत्तम खेळतोय. पण ही फळी जोडाजोडीची आहे. तिसऱ्या प्रयत्नात दोन यार्ड हवे असतील तेव्हा ती पुरेशी आहे. नऊ हवे असतील तेव्हा क्वार्टरबॅक विल हॉवर्डला चेंडू जास्त वेळ हातात ठेवावा लागतो, आणि गोल्डन त्याच वेळी त्याच्या अंगावर जास्तीची माणसं सोडतात.

म्हणून तुम्हाला एकच आकडा सांगतो, सक्सेस रेट. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, हे तुम्हाला माहीत आहेच. पहिल्या प्रयत्नात गरजेच्या निम्मे, दुसऱ्यात उरलेल्यांपैकी सुमारे 70 टक्के आणि तिसऱ्या-चौथ्यात पूर्ण यार्ड मिळाले तर तो डाव यशस्वी धरायचा. एकूण यार्डांचा आकडा एखाद्या लांब उडीने फुगतो, हा सहसा फुगत नाही. कागद घेऊन बसा आणि ओहायो स्टेटच्या फक्त पहिल्या प्रयत्नांवर खुणा करत जा. पाच किंवा जास्त यार्ड मिळाले की बरोबरची खूण. दोनातल्या एका वेळेला ती खूण होत असेल तर नोटर डेमला त्यांना रोखणं फार अवघड आहे.

आता दुसरी बाजू, आणि इथे मला मनापासून काळजी वाटते. क्वार्टरबॅकने चेंडू दुसऱ्याच्या हातात दिला की तो स्वतः प्रेक्षक होतो, म्हणजे आक्रमणाची माणसं दहा उरतात. क्वार्टरबॅक स्वतःच धावला तर ती वजाबाकी होत नाही, अडवायला एक माणूस जास्तीचा मिळतो. नोटर डेमचा रायली लेनर्ड हा तसा क्वार्टरबॅक आहे, या मोसमात डझनाहून जास्त टचडाउन त्याने पायांनी केलेत. त्यांच्याच जेरेमाया लव्हने इंडियानाविरुद्ध 98 यार्डांची धाव मारली होती, पण त्याचा गुडघा दुखावलेला आहे. त्यामुळे भार लेनर्डवरच पडणार. नोटर डेम लांबलचक, घड्याळ खाणाऱ्या चढाया करून हॉवर्ड आणि मंडळींना बाकावर बसवून ठेवू पाहील. त्यांना अडचण अशी की डावा टॅकल अँथनी नॅप पेन स्टेटविरुद्ध जखमी झाला, आणि समोर ओहायो स्टेटच्या बचावात सॉयर व टुईमोलोआऊ आहेत. ओहायो स्टेटने पंधरा सामन्यांत 183 गुण दिलेत, सरासरी 12.2, देशात सर्वांत कमी. पिछाडी भरून काढायला लेनर्डला सारखे पास टाकावे लागले तर नोटर डेमची पंचाईत होईल.

चेंडू हिसकावणं हे नोटर डेमचं दुसरं बळ. जॉर्जियाविरुद्ध हाफच्या आगेमागे त्यांनी 54 सेकंदांत 17 गुण केले: एक किक (गोलखांबांमधून, तीन गुणांची), मग हिसकावलेल्या चेंडूवर टचडाउन, मग दुसऱ्या हाफच्या पहिल्याच किकवर 98 यार्डांची धाव. पेन स्टेटविरुद्धही शेवटच्या मिनिटात त्यांचा पास पकडला आणि मिच जेटरने सात सेकंद उरले असताना 41 यार्डांवरून किक मारून 27-24 केलं. पण सुटलेला चेंडू कुणाच्या पदरात उसळी घेईल हे कुठलाही प्रशिक्षक शिकवू शकत नाही. त्यावर भविष्य बांधू नका.

मार्कस फ्रीमनबद्दल सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरं होत नाही. नोटर डेमचा हा मुख्य प्रशिक्षक ओहायो स्टेटचाच जुना लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या मधल्या फळीतला खेळाडू. 2023 मध्ये नोटर डेमच्या गावी, साउथ बेंडला, हेच दोन संघ भिडले तेव्हा सामन्याच्या शेवटच्या दोन डावांत, गोलरेषेच्या तोंडाशी, नोटर डेमचे मैदानावर दहाच खेळाडू होते. एक सेकंद उरला असताना ओहायो स्टेटने टचडाउन केला आणि 17-14 जिंकला. दोष फ्रीमनने स्वतःकडे घेतला. आणि यंदा जॉर्जियाविरुद्ध चौथ्या क्वार्टरमध्ये, स्वतःच्या 18 यार्डांवर चौथा प्रयत्न असताना, त्याने आधी पंटची (चेंडू लांब लाथाडून सोडून देणारी) तुकडी पाठवली, मग अकराच्या अकरा जण बदलून आक्रमणाची तुकडी आणली. गोंधळलेला जॉर्जिया स्नॅपआधीच, म्हणजे चेंडू खेळात येण्याआधीच, उडी मारून बसला, नोटर डेमला पहिला डाउन, म्हणजे नवे चार प्रयत्न, मिळाला आणि आणखी काही मिनिटं संपली. दहा माणसांनी ज्याला पोळलं त्याने अकरा माणसांची अदलाबदल करून सामना हातात ठेवला. प्रतिस्पर्धी असला तरी या माणसाबद्दल मला फार आदर आहे.

1936 नंतर नोटर डेमने ओहायो स्टेटला हरवलेलं नाही, पण त्या आकड्याचा उपयोग फक्त गप्पांना. सट्टेबाजार ओहायो स्टेटला आठ-नऊ गुणांनी पुढे धरतो. मी 27-20 म्हणेन. बचावात फार ताकद आहे, दोन्हीकडे.

भाच्याला सांगा, अटलांटातल्या पहिल्या स्नॅपआधी चेंडूकडे न बघता नोटर डेमच्या मागे बघ. खोल मैदानात एकच सेफ्टी असेल तर चेंडू स्मिथकडे जाण्याची वाट बघा, दोन असतील तर हेंडरसन आणि जडकिन्सवर नजर ठेवा.