कायद्याचं बोला : पैसे कोडमध्ये अडकलेत, दाद कुठे मागू?

प्रश्न : मी ॲनिमेशनची फ्रीलान्स कामं करतो. पुण्याच्या एका क्लायंटने पेमेंट इथेरियम या क्रिप्टो नेटवर्कवरच्या स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे अट पूर्ण झाली की आपोआप पैसे सोडणाऱ्या कोडमध्ये, लॉक केलं, त्याने ॲप्रूव्ह दाबलं की पैसे माझ्या क्रिप्टो वॉलेटला. काम दिलं, त्याने वापरलंही, पण ॲप्रूव्ह काही करत नाही, वर म्हणतो ‘कागद कुठाय?’ हे कोर्टात टिकेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : टिकेल की. आपल्याकडे तोंडी करारसुद्धा चालतो, १८७२ च्या करार कायद्याला राजीखुशी, मोबदला आणि कायदेशीर हेतू असला की बास, आणि आयटी ॲक्टचं कलम १०ए म्हणतं की निव्वळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून करार बाद होत नाही.

खरी मारामारी पुराव्याची. ते वॉलेट त्याचंच, हे सिद्ध कसं करणार? त्याने ‘हा माझा ॲड्रेस’ असं व्हॉट्सॲपवर कधी पाठवलं असेल तर ते चॅट जपून ठेवा, नुसता स्क्रीनशॉट मात्र पुरत नाही, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं, त्यात हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा डिजिटल ठसा) आणि एक्स्पर्टची सहीपण आली.

‘कोड म्हणेल तेच खरं’ हे क्रिप्टोवाल्यांचं आवडतं वाक्य, पण कोर्ट तसं मानत नाही. सिंगापूरच्या क्वोईन या क्रिप्टो एक्स्चेंजवर २०१७ मध्ये सिस्टीम गंडली आणि प्रोग्रॅमने आपोआप बाजारभावाच्या सुमारे २५० पट दराने सौदे केले, एक्स्चेंजने ते परस्पर फिरवले. प्रकरण ब्लॉकचेनवरच्या, म्हणजे इथेरियमसारख्या नेटवर्कवरच्या, कोडचं नव्हतं, तरी २०२० मध्ये अपील कोर्टाने करार कायदाच लावला, कोड लिहिणाऱ्याला लिहिताना काय ठाऊक होतं ते तपासलं, आणि एक्स्चेंज हरलं.

कोर्ट काही स्वतः बटण दाबणार नाही, पण तेवढी रक्कम दे असा हुकूम क्लायंटला देऊ शकतं, नाही दिली तर जप्ती. क्लेरोससारख्या, म्हणजे असे वाद ज्युररच्या मतांवर सोडवणाऱ्या, ऑनलाइन ज्युरीकडे जायचा मोह होईल, पण आपल्या १९९६ च्या लवाद कायद्याला लेखी, लवादाच्या सहीचा निवाडा लागतो, तिथले ज्युरर तर निनावी, मग अंमलबजावणी कशाची करणार?

मुदत काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षं आहे, पण इतकं थांबू नका. वकिलाकडून नोटीस काढा, त्याच्या पुण्याच्या पत्त्यावर, पोचपावतीसकट.