फीवर केंद्र चालत नाही, काही वर्ग चालतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पालिकेनं समाजकेंद्र बांधून दिलं, पहिल्या वर्षाचा खर्चही उचलला, आणि आता म्हणते की यापुढे कार्यक्रमांनी आपलं पोट आपण भरावं. म्हणून समितीच्या मनात दोन गोष्टी आहेत. सगळ्या वर्गांची फी सरसकट वाढवायची, आणि संध्याकाळी मोठ्या मुलांसाठी हॉल मोफत खुला असतो ती वेळ बंद करायची. तुम्ही विचारताय, फी किती वाढवावी, आणि देणगी-अनुदानाचं काय?

आकडा ठरवायची वेळ अजून आलेलीच नाही, असं माझं मत. अशा केंद्रांच्या कामात मी वीसेक वर्षं काढली, आधी मैदानावर आणि नंतर हिशेबाच्या टेबलाशी. सरसकट वाढीची चूक मीही करून बसले आहे. भरलेले वर्ग भरलेलेच राहिले, आधीच धापा टाकणारे दोन बंद पडले. त्यांच्या वेळेत हॉल रिकामा राहू लागला, पण रखवालदार, सफाई आणि देखभाल यांचा खर्च काही कमी झाला नाही. वाढीव फीतून जे आलं ते त्या खड्ड्यात गेलं.

मुळात बांधायला पैसे मिळतात, चालवायला मिळत नाहीत. इमारतीची कोनशिला बसवता येते, फीत कापता येते. जीवरक्षकाच्या पगाराची फीत कोण कापणार? हे दुखणं जुनं आहे. १८८५ साली बॉस्टनमध्ये लहान मुलांना खेळायला वाळूचा ढीग टाकला गेला. डॉ. मारी झाक्रझेव्स्का यांनी बर्लिनमधल्या बागांत असे ढीग पाहून तिकडे कळवलं होतं. अमेरिकेतल्या सार्वजनिक क्रीडांगणांची सुरुवात पुष्कळ जण तिथूनच धरतात. वाळू स्वस्तच होती. पण मुलांवर लक्ष ठेवायला माणूस लागतो. आधी आसपासच्या बायकांनी ते आपखुशीनं केलं, मग पगारी बायका नेमाव्या लागल्या, आणि काम वाढल्यावर धर्मादाय पैसा पुरेना, तेव्हा पालिकेकडे बघावं लागलं. वाळूचा खर्च एकदाच, माणसाचा रोजचा.

तेव्हा आधी खर्च दोन वह्यांत मांडा. एका वहीत तो वर्ग नसता तर झालाच नसता असा खर्च: प्रशिक्षकाचं मानधन, साहित्य, त्या वेळेपुरता जास्तीचा माणूस. दुसऱ्या वहीत वर्ग असो-नसो, होणारच असा खर्च: व्यवस्थापकाचा पगार, विमा, छपराची दुरुस्ती, दिव्यांचा मोठा भाग. बहुतेक समित्या दुसरी वही सगळ्या वर्गांवर सारखी वाटून टाकतात आणि मग चुकीचे वर्ग बंद करतात. समजा एका तुकडीचा थेट खर्च १०० आहे आणि फीतून १३० येतात. त्यावर इमारतीचा वाटा म्हणून ७० चढवले की कागदावर ती ४० च्या तोट्यात दिसते. रागानं ती बंद केली, तर ४० वाचत नाहीत, उलट ३० चं उत्पन्न जातं. हे गणित समितीपुढे फळ्यावर मांडा. तोंडी सांगून कोणाला पटत नाही, माझा अनुभव आहे.

दुसरी वही कोणी भरायची हा खरा वाद आहे, आणि तो पालिकेशी घालायचा आहे, वर्गाला येणाऱ्या माणसाशी नाही. आठवड्यातून दोन तास येणाऱ्या माणसानं छपराची दुरुस्ती का भरावी?

यानंतर प्रत्येक कार्यक्रमाला विचारा, तुझा फायदा कोणाला? अमेरिकेतल्या बऱ्याच पालिका त्यासाठी एक पिरॅमिड काढतात. तळाशी ज्याचा फायदा गावभर पसरतो ते: खुली मैदानं, किशोरांची खुली वेळ, एकट्या ज्येष्ठांना घराबाहेर काढणारे कार्यक्रम. टोकाला ज्याचा फायदा एकट्या माणसाला होतो ते: वैयक्तिक शिकवणी, समारंभासाठी हॉल, प्रौढांच्या सामन्यांच्या संघफिया. तळ करातून चालवायचा. टोकाला पूर्ण खर्च घ्यायचा, वर थोडं जास्तच घ्यायचं. मधले थर वाटून. त्या चित्राचं मला फार कौतुक नाही, सल्लागार ते रंगवून देतात आणि बिल लावतात. पण ते काढताना समितीत जे भांडण होतं ते मोलाचं असतं. एकाच तलावाचं बघा. लहान मुलांना पोहायला शिकवणं म्हणजे बुडण्यापासून वाचवणं, म्हणजे तळाजवळचं काम. क्लबाला सरावासाठी मार्गिका भाड्यानं देणं हे टोकाचं. गंमत अशी की तलावाचं पुष्कळसं उत्पन्न मुलांच्या शिकवणीतूनच येतं, कारण त्यासाठी आईबाप पैसे मोजायला तयार असतात. म्हणून 'महत्त्वाचं आहे ना, मग सगळ्यांना फुकट' ही उडी मारू नका.

इंग्लंडनं ती उडी मारून पाहिली. एप्रिल २००९ पासून १६ आणि त्याखालच्या मुलांना आणि ६० आणि त्यावरच्या वयाच्यांना सरकारी मदतीनं मोफत पोहणं सुरू झालं. जुलै २०१० मध्ये नव्या सरकारनं पैसे थांबवले. त्या वेळच्या मूल्यमापनातून दिसलं ते असं, की फुकट पोहणाऱ्यांतले बरेच जण एरवीही पैसे देऊन पोहलेच असते. याचा अर्थ मोफत काही ठेवूच नये असा नाही. ज्यांना अडचण फीची होती तेवढ्यांसाठीच पैसे खर्च व्हायला हवे होते.

पण हे 'तेवढे' ओळखायचे कसे, इथेच सगळे अडखळतात. टोरांटोनं दोन्ही वाटा धरल्या आहेत. कमी उत्पन्नाच्या वस्त्यांतली ठरावीक केंद्रं येणाऱ्या प्रत्येकाला मोफत, आणि बाकी शहरात उत्पन्न पाहून कुटुंबाला सवलतीची रक्कम. पहिल्या वाटेत कोणाला गरिबी सिद्ध करावी लागत नाही, पण गरीब माणूस चांगल्या वस्तीत राहत असेल तर तो सुटतो. दुसरी नेमकी आहे, पण अर्ज आला. आइसलंडची राजधानी रेक्याविकनं २००७ मध्ये फुरसतीचं कार्ड काढलं: प्रत्येक मुलामागे वर्षाला ठरावीक रक्कम, खेळ, संगीत, कला यांपैकी मान्य वर्गाच्या फीमध्ये वळती करता येते. पैसा मुलाच्या मागे जातो, म्हणून वर्ग घेणाऱ्याला चांगलं शिकवावं लागतं. आइसलंडमध्ये १५-१६ वर्षांच्या मुलांत महिन्याभरात दारूनं झिंगलेल्यांचं प्रमाण १९९८ मधल्या ४२ टक्क्यांवरून २०१६ मध्ये ५ टक्क्यांवर आलं. त्याचं सगळं श्रेय या वर्गांना देऊ नका. मुलांनी रात्री घराबाहेर राहण्याच्या वेळेवर बंधनं होती, पालकांचे आपसातले करार होते, दरवर्षीची पाहणी होती. वर्ग त्यातला एक धागा.

आमच्याकडे सवलतीचा अर्ज खिडकीवर द्यावा लागे, रांगेत, उत्पन्नाच्या दाखल्यासकट. निधी दरवर्षी उरे आणि समिती म्हणे, बघा, गरज नाहीच. मग आम्ही दाखला काढून टाकला. नोंदणीच्या कागदावरच तीन पर्याय छापले: पूर्ण फी, अर्धी फी, फी नको. खुलासा मागायचा नाही. सगळे 'फी नको'वर खूण करतील असं भाकीत होतं. तसं झालं नाही. बहुतेकांनी पूर्ण फी भरली, आणि निधी पहिल्यांदा त्याच्या कामाला लागला. लबाडी करणारे दोनचार असतीलही. त्यांना शोधायला माणूस नेमला असता तर तो त्यांच्यापेक्षा महाग पडला असता.

रोजच्या कारभारातलं थोडं. प्रत्येक वर्गाला किमान संख्या ठरवा आणि तो होणार की रद्द, हे ठरवायची तारीखही. तारीख सुरुवातीच्या फार आधी ठेवू नका, लोक शेवटच्या आठवड्यातच नाव घालतात. रद्द करण्याची सवय मात्र लावून घेऊ नका. दोनदा रद्द झालेल्या वर्गाला तिसऱ्यांदा कोणी येत नाही. नवा प्रशिक्षक असेल तर ठरावीक मानधनाऐवजी फीतला वाटा देऊन बघा, साधारण साठसत्तर टक्के त्याचे. धोका वाटला जातो आणि तो स्वतः माणसं गोळा करतो. लहान मुलांच्या वर्गांत हे करू नका, तिथे संख्या वाढवण्याचा मोह नको. ऑनलाइन नोंदणी सकाळी उघडली की पहिल्या दहा मिनिटांत कोण जागा पटकावतं ते एकदा बघा: ज्याला त्या वेळी कामावर टेबल आणि चांगलं इंटरनेट आहे तो. पाळीत काम करणाऱ्यांसाठी काही जागा बाजूला ठेवा. आणि प्रतीक्षायादी कधी फाडू नका, त्या यादीचं पुढे काम आहे.

देणगी आणि अनुदानाबद्दल विचारलंत. एका संस्थेकडून तीन वर्षांचं अनुदान घेऊन आम्ही किशोरांसाठी रोजचा संध्याकाळचा कार्यक्रम उभा केला. तिसरं वर्ष संपलं तेव्हा पुढच्या अंदाजपत्रकात त्याच्यासाठी ओळच नव्हती. चौथ्या वर्षीच्या पहिल्या सोमवारी मुलं आली आणि दाराला कुलूप. एकानं मला विचारलं, "आमचं काय चुकलं?" तेव्हापासून अनुदान मी फक्त अशाच गोष्टींना घेते ज्या संपल्या तर कोणाचं मन मोडत नाही: साहित्य, प्रशिक्षकांचं प्रशिक्षण, एकदाची दुरुस्ती. प्रायोजकाचंही तेच. गणवेशावर नाव घाला, पगार त्यांच्यावर टाकू नका.

माणसांचा पगार शेवटी करातूनच निघायला हवा. सिएटलमध्ये उद्यानांसाठी मतदारांकडून दर काही वर्षांनी मुदतीचा कर मंजूर करून घ्यावा लागे. २०१४ मध्ये मतदारांनी त्याऐवजी कायमचा 'उद्यान जिल्हा', म्हणजे उद्यानांसाठी कर गोळा करणारी वेगळी यंत्रणा, मंजूर केला, आणि त्यातून देखभाल आणि केंद्रं चालवण्याचाही खर्च करता येतो. फिलाडेल्फियानं २०१७ पासून गोड पेयांवर कर बसवला, त्यातला काही भाग उद्यानं, करमणूक केंद्रं आणि ग्रंथालयं दुरुस्त करायला ठेवला. २०१८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं कर उचलून धरला, पण तोवर दुरुस्तीसाठीची कर्जउभारणी अडकून पडली होती. शिवाय लोकांनी ती पेयं कमी प्यावीत अशीच इच्छा असेल, तर त्या कराच्या भरवशावर केंद्र किती वर्षं चालवणार? याच्या उलट टोकाला कॅलिफोर्निया. १९७८ मध्ये प्रस्ताव १३ मंजूर झाला, मालमत्ता कराला मर्यादा बसली, आणि करमणूक खात्यांना फीकडे वळावं लागलं. खातं फीवर जगू लागलं की फी देऊ शकणाऱ्यांच्या सोयीचे कार्यक्रम वाढतात. हे कोणी ठरवून करत नाही. ते घसरत घसरत होतं.

पुढच्या महिन्यात पालिकेपुढे जाल तेव्हा एकाच कागदावर तीन गोष्टी न्या. दुसऱ्या वहीची बेरीज. प्रतीक्षायादीतली नावं वस्तीनिहाय मोजून. आणि संध्याकाळच्या खुल्या वेळेचा थेट खर्च, वेगळा काढून. हा शेवटचा आकडा तुमच्या समितीला वाटतो त्यापेक्षा बराच लहान निघेल, माझी खात्री आहे, कारण तिथे प्रशिक्षक नाही, साहित्य फारसं नाही, एक जाणता माणूस आणि दिवे एवढंच आहे.

१९८६ मध्ये मेरीलँडमधल्या ग्लेनार्डन गावात जी. व्हॅन स्टँडिफर यांनी मध्यरात्रीचं बास्केटबॉल सुरू केलं: रात्री दहा ते दोन, १७ ते २१ वयाच्या तरुणांसाठी. १९९४ मध्ये अमेरिकी काँग्रेसमध्ये अशा कार्यक्रमांची 'उधळपट्टी' म्हणून टिंगल झाली. टिंगल करणं सोपं होतं, कारण त्या वेळी ती मुलं दुसरीकडे कुठे असती, हे कोणत्याच वहीत लिहिलेलं नसतं. तुमच्या हॉलमध्ये ती वेळ सांभाळणारा जो माणूस आहे, त्याला त्या बैठकीला सोबत न्या. मुलांची नावं त्याला पाठ असतील.