गच्चीवरचे काळे डाग

प्रश्न : बडोद्यातल्या आमच्या घराच्या गच्चीवर चायना मोझॅक (सिमेंटमध्ये बसवलेले टाइल्सचे तुकडे) आहे. पावसाळ्यानंतर काळे डाग पडले, पाय घसरतो. ॲसिडने धुवावी का? – एक वाचक, बडोदा

उत्तर : ॲसिड मुळीच नको. हे डाग शेवाळाचे आहेत. ॲसिड तुकड्यांमधलं सिमेंट खातं आणि पुढच्या पावसात खाली ओल उतरते.

आधी कोरडी गच्ची नायलॉनच्या ब्रशने खरवडून झाडा. तारेचा ब्रश नको, त्याचे कण गंजून तांबडे ठिपके पडतात. 10 लिटर पाण्यात 150 ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवून अर्धा तास ठेवा आणि वरचं निवळ पाणीच वापरा. गाळाने पांढरे ओघळ उठतात. संध्याकाळी टाका, उन्हात ते लगेच सुकतं. 15-20 मिनिटं ओलं ठेवून घासा, भरपूर पाण्याने धुवा.

हातमोजे, चष्मा, रबरी तळाचे बूट हवेतच. लांबच्या कोपऱ्यापासून जिन्याकडे मागे सरकत या. पावसाचं पाणी टाक्यात जात असेल तर तो पाइप आधी सोडवा. आणि ब्लीचिंगमध्ये ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

डाग पुन्हा त्याच जागी आले तर तिथे पाणी साचतंय. उतार दुरुस्त करून घ्या.