लिनक्सवर कॉपी 100 टक्के दिसली की पेनड्राइव्ह लगेच काढला तर चालेल का?

नाही, आधी अनमाउंट करा (फाइल मॅनेजरमधलं 'इजेक्ट' किंवा टर्मिनलवर 'युमाउंट') आणि ते पूर्ण होईपर्यंत थांबा. पट्टी शंभरवर पोचते तेव्हा फाइल बरेचदा फक्त रॅममधल्या पेज कॅशमध्ये (डेटाच्या तात्पुरत्या साठ्यात) पोचलेली असते. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) मूळ सेटिंगनुसार असा न लिहिलेला डेटा 30 सेकंद जुना झाला की डिस्कवर जायला पात्र ठरतो आणि त्यासाठीची फेरी दर 5 सेकंदांनी होते. पेनड्राइव्ह संथ असेल तर त्यानंतरही लिखाण बराच वेळ चालू राहतं. स्वतः पाहायचं असेल तर प्रोक फोल्डरातल्या मेमइन्फो फाइलमधली 'डर्टी' (अजून डिस्कवर न लिहिलेला डेटा) ही ओळ बघा: मोठी कॉपी केली की आकडा फुगतो, 'सिंक' कमांड (राहिलेला डेटा लगेच डिस्कवर लिहायला लावणारी) दिली की झपाट्याने खाली येतो. लिनक्सवर सिंक लिखाण संपेपर्यंत परत येत नाही, त्यामुळे ती अडकली आहे असं समजून पेनड्राइव्ह ओढू नका. लग्नाचे फोटो याच घाईत जातात, म्हणून इतकं बजावून सांगतोय.

मात्र नुसत्या सिंकवर विसंबू नका. सिंक झाल्यावरही पेनड्राइव्ह माउंटच (सिस्टिमला वापरासाठी जोडलेला) असतो आणि एखादा प्रोग्रॅम पुढच्याच क्षणी त्यावर पुन्हा लिहू शकतो. अनमाउंटमध्ये राहिलेला डेटाही लिहिला जातो आणि पुढचं लिखाणही थांबतं. 'डिव्हाइस बिझी' असं आलं तर त्यावरची उघडी फाइल किंवा त्यावरच्या फोल्डरमध्ये उघडं असलेलं टर्मिनल बंद करून पुन्हा प्रयत्न करा.